दादा, तू पेज का पीत राहिलास?

दादा, परवा तुझं तेरावं झालं. मांडव उतरला, भाड्याची भांडी परत गेली, आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये, हे मलाही कळतं. पण जिवंतपणी तू भांडू दिलंस कुठे? मी आवाज चढवला की तू हसायचास, ‘डॉक्टरीणबाय तापली’ म्हणायचास आणि भेंडी तोडायला निघून जायचास. आता कुठे जाशील?

भांडायच्या आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी अशी का बोलतेय ते तुला कळेल. मी घाबरलेय. मला शौचातून रक्त जातंय. चार महिने झाले. तू होतास तेव्हापासून. तुला सांगितलं नाही, वहिनीला नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. सकाळी संडासाच्या दाराला हात लावताना माझे पाय गार पडतात. आत गेल्यावर मान वर करून पत्र्याकडे बघत बसते आणि उठताना खाली न बघता पाणी ओतते. बघितलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मी, शेणवे गावची आशा कार्यकर्ती, चार महिने धरून चालले होते.

माझं कामच हे, दादा. तिशीच्या वरच्या माणसांचे फॉर्म भरायचे. खोकला किती दिवसांचा, गाठ आहे का, वजन उतरलंय का, शौचातून रक्त जातं का. बायका पदर तोंडाला लावतात, पुरुष उठून गोठ्याकडे जातात. मी ओटीवरून हलत नाही. लाजू नका, लपवू नका, मूळव्याध समजून अंगावर काढू नका, हे मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. आणि माझा सख्खा भाऊ एसटीने तासाभरावर, मुरबाडकडच्या गावात, वर्षभर कसलंसं चूर्ण घेत बसला होता. मूळव्याधीवरचं.

भाऊबीजेला ते उघडं पडलं. ओवाळताना माझी नजर तुझ्या पट्ट्यावर गेली. खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती त्याला, आणि पट्ट्याचं टोक पार पाठीकडे गेलं होतं. मी विचारलं तर म्हणालास, आम्ही शेतात राबतो, तुझ्यासारखी कागदं भरत नाही. मी ताट खाली ठेवलं आणि ते फॉर्मवरचे सगळे प्रश्न तुला एकेक करून विचारले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. रक्ताच्या प्रश्नाला तू नुसती करंजी तोडत राहिलास. एवढा वेळ करंजी तोडणारा माणूस मी पाहिला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मग सगळं भराभर झालं. आधी शहापूर, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आतड्याचा तेवढा भाग कापला आणि दोन टोकं जोडली. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर बाहेर येऊन जे सांगितलं, त्यातलं ‘जोडलं’ एवढंच वहिनीच्या ध्यानात राहिलं. ती दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती, जोडलं, जोडलं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्या आहाराच्या मॅडम आल्या होत्या, आठवतात? तुझ्या मुलाएवढं, आपल्या सचिनएवढं वय. पण बोलणं असं की वॉर्डातली सगळी माणसं माना वळवून ऐकत होती. त्यांनी चित्रांचा एक कागद दिला आणि मला समोर बसवलं. मी आशा आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मग तुम्हाला जास्त सांगायला नको. तरी सगळं सांगितलं. जखम भरायची तर अंगात ताकद पाहिजे, पुढे सलाईनमधून औषधं द्यायची आहेत, ती सोसायची तर वजन पाहिजे. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं आणि मऊ. अंडं, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, दही, काटे काढलेला मासा, मऊ शिजवलेली कोंबडी. पेजेचं मीच विचारलं, कारण आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की पेज. त्या म्हणाल्या, “पेज द्या, पण पेजेवर ठेवू नका.”

आणि शेवटी त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. एका दिवशी एकच नवा पदार्थ द्यायचा, आणि वहीत लिहायचा. त्रास झाला तर कशाने झाला ते कळलं पाहिजे. तू मध्येच तोंड घातलंस, मॅडम, बिरडं कधी? त्या मुलीला बिरडं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, मोड आणलेले वाल सोलून त्याची भाजी. त्या हसल्या आणि म्हणाल्या, एवढ्यात नाही, कडधान्यं सहा आठवडे बंद, तुमच्या बिरड्याची तारीख मी देईन. तू वहिनीकडे बघून असा चेहरा केलास, जशी लग्नाचीच तारीख पुढे गेली.

त्याच दिवशी डॉक्टर जाता जाता मला म्हणाले, तुम्ही सख्ख्या बहीण ना, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. मी हो म्हटलं. तू उशीवरून मान उचलून म्हणालास, “घे गो करून.” मी म्हटलं, आधी तुझं होऊ दे. हे वाक्य मी तू गेल्यापासून किती वेळा मनात म्हटलंय, मलाच माहीत.

तुला घरी आणलं त्या दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने येत नाहीत आणि सल्ला दिल्याशिवाय जात नाहीत. एक जण येऊन सांगून गेला की नाचणी जड असते. दुसऱ्याने दूध बंद करायला लावलं, आतड्याला चिकटतं म्हणून. केळं थंड, दही त्याहून थंड, मासा नको कारण ओल्या जखमेत पू होतो. कोंबडी उष्ण. अंडं तर फारच उष्ण. आपली काकी या सगळ्यांवर वरचढ. बाबा गेल्यापासून घरात तिचाच शब्द चालतो. ती तुझ्या खाटेजवळ बसून प्रत्येकाचं ऐकायची आणि आलेलं प्रत्येक ‘नको’ पदरात बांधून ठेवायची. चार दिवसांत मॅडमच्या कागदावरचं एकही चित्र शिल्लक राहिलं नाही.

मी मात्र हटले नाही. निदान सुरुवातीला तरी. रजा टाकून माहेरी येऊन राहिले होते, ती काय पेज ढवळायला? काकीशी मी रोज वाद घालायचे. वरण दिलं, ते तुला सोसलं. दही दिलं, सोसलं. वहीत लिहिलं. आठव्या दिवशी सकाळी मी अंडं उकडलं, अर्धं तुला भरवलं आणि वहीत लिहिलं. काकी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. दुपारी मी मुरबाडला गेले, तुझी औषधं आणि ती शक्तीची पावडर आणायला. येईपर्यंत साडेपाच झाले असतील.

दारातूनच तुझं कण्हणं ऐकू आलं. पोट फुगलं होतं, कळा येत होत्या, दोनदा ओकलास. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पोटाला हात लावला तर तू माझं मनगट धरलंस, इतकं घट्ट की नंतर वळ उठले. दादा, मला वाटलं जोडलेलं सुटलं. मला वाटलं मी मारलं तुला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, पुन्हा ओकला तर तडक मुंबईला न्या. सकाळपर्यंत उतरलं, पण तोवर घरात निकाल लागून गेला होता. काकी एवढंच म्हणाली, “अंडं खायला घातलं ना? घाला आता.” तिने आवाजही चढवला नाही. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, खाली मान घालून. मला वाटलं तीही मलाच दोष देतेय.

त्या दिवशी मी मॅडमचा कागद माझ्या रजिस्टरात घालून पिशवीच्या तळाशी ठेवला. आणि तुला पेज सुरू केली.

तीन आठवडे, दादा. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. कधी त्यात चमचाभर तूप, कधी मेतकूट. मला माहीत होतं की हे चूक आहे. हे न कळणाऱ्या बाईने केलं असतं तर मी तिच्या ओटीवर बसून तासभर बोलले असते. पण वाडगा भरताना माझ्या डोळ्यांसमोर तुझा तो राखेचा चेहरा यायचा आणि हात वरणाकडे जायचाच नाही. पेजेने निदान कळा येत नव्हत्या. तू कसलीच तक्रार करत नव्हतास. वाडगा तोंडाला लावायचास, संपवायचास, आणि मला चिडवायचास की आमच्या डॉक्टरीणबायने मला बाळंतीण करून ठेवलंय. सगळे हसायचे. तुझ्या गळ्याची हाडं वर येत होती आणि आम्ही हसत होतो.

त्याच तीन आठवड्यांत एका सकाळी मला पहिल्यांदा रक्त दिसलं. तुझ्याच घराच्या मागच्या संडासात. मी बाहेर येऊन हौदावर कितीतरी वेळ हात धूत राहिले. आतून तुझा आवाज येत होता, पेज मागत होतास. मी पेज गाळायला गेले. मनाशी म्हटलं, जागरण झालंय, पाणी कमी पितेय, मूळव्याध असेल. बघ, मीसुद्धा तोच शब्द काढला.

महिन्याने तपासणीला गेलो. काट्यावर उभं राहताना तू खिशातली किल्ली, पाकीट, सगळं अंगावर ठेवलंस, तरी काटा खाली आला. मॅडम कागद बघत होत्या. त्यांनी मला विचारलं, काय काय देताय? आणि दादा, मी खोटं बोलले. अंडं देतो, वरण देतो, मासा देतो, सगळं तुमच्या कागदाप्रमाणे देतो, असं मी त्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तिने वही मागितली, मी म्हटलं, घरी राहिली. वही माझ्या पिशवीत होती. आठव्या दिवसानंतर कोरी.

त्या तुझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता तू हसून सगळं सांगणार. तुझ्या पोटात काही राहायचं नाही, असं आख्खं गाव म्हणायचं. तू म्हणालास, “देते ती मॅडम. मलाच जात नाय.”

वजन नाही म्हणून सलाईनचं औषध पुढे ढकललं. मॅडम तुला समजावत राहिल्या, की काका, असं करून चालणार नाही, बहीण एवढं करतेय, तुम्ही चार घास जास्त खा. तू मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंस. शाळेत कधी असं ऐकून घेतलं नसशील. बाहेर आल्यावर मी तुझ्याकडे बघू शकले नाही. तू चहा मागवलास, बिस्किट बुडवलंस, ते तुटून कपात पडलं, आणि तू भेंडीच्या फवारणीचं काहीतरी बोलायला लागलास. मी हूं हूं करत राहिले.

त्यानंतर मी काकीचं ऐकणं सोडलं. दुसऱ्याच दिवशी अंडं दिलं. आधी पाव, मग अर्धं, मग अख्खं. काही झालं नाही तुला. मासा दिला, काही झालं नाही. वजन जरा वर आलं, औषध सुरू झालं, पण उशिरा. दोन वेळा घेतलंस. मग तो ताप आला, आणि आजार यकृतात पोचल्याचं कळलं, आणि मग तू गेलास.

मी डॉक्टरांना विचारलं. तू गेल्याच्या दिवशीच, कागदावर सह्या चालल्या होत्या तेव्हा. तीन आठवडे पेजेवर ठेवलं नसतं तर? हे मात्र खरं विचारलं. ते म्हणाले, वेळेवर खाल्लं असतं तर बरं झालं असतं, पण असं एका गोष्टीवर ठरत नाही, आजार आधीच पुढे गेला असणार. मी त्यातलं पहिलं वाक्य घेऊन घरी आले.

आता भांडणाचं सांगते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी ताटाचं ठरत होतं. गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं ताटात ठेवायचं, ही आपली रीत. मी वहिनीला म्हटलं, वाल भिजत घालायला हवे होते, विसरलो की काय, शेजारून मोडाचे मिळतील. ती भांडी पुसत होती. म्हणाली, वाल नाय ठेवायचं. मी म्हटलं, असं कसं, त्याला दुसरं काय आवडत होतं? ती पुन्हा तेच म्हणाली. मला राग आला. तेरा दिवसांत कोणावर तरी राग काढायचाच होता मला. मी म्हटलं, हयातभर जिच्यासाठी तो जेवणावर अडून बसायचा ती एक वाटीभर भाजी तुला जड झाली का? तिने हातातली परात खाली ठेवली, पण सोडली नाही. तशीच काठ धरून बसली.

“मी दिलंवतं त्यांना,” ती म्हणाली. “त्या दिवशी. तू मुरबाडला गेलीवतीस तवा.”

मला कळेना. ती बोलत राहिली, परातीकडे बघून. दुपारी घरच्यांसाठी बिरडं केलं होतं. वास खाटेपर्यंत गेला. तू तिच्या ताटाकडे बघत होतास. मागितलं नाहीस, नुसता बघत होतास, आणि आठ दिवस वरणभातावर काढलेल्या माणसाचं ते बघणं तिला सोसलं नाही. वाडगाभर दिलं. तू बोटं चाटून खाल्लंस. संध्याकाळी जे झालं ते झालं. आणि मी दारातून आले तेव्हा अंड्याच्या नावाने बोंब झाली होती, आणि तिने तोंड उघडलं नाही.

दादा, ती वही मी तू गेल्यापासून रोज उघडते. आठव्या दिवसाचं पान. ‘उकडलेलं अंडं अर्धं. संध्याकाळी कळा.’ माझ्या हातचं अक्षर. त्या दोन ओळींवरून मी स्वतःला फाशी द्यायचं तेवढं बाकी होतं. एका दिवशी एकच पदार्थ, हे त्या पोरीने कशासाठी सांगितलं होतं?

मी ओरडले. वहिनीवर ओरडले, काकी उठून आली, सचिन अंगणातून आत आला. मी विचारलं, चार महिने तू गप्प बसलीस? ती म्हणाली, “तुझे दादाच म्हटले मला, वालाचं नाव काढू नको. मंदा तुला बोलंल, तू तिला बोलशील, मग मला कोण बघंल? पेज काय, पिईन मी.”

म्हणजे तुला माहीत होतं.

तुला माहीत होतं की अंड्याने झालं नाही. मी तीन आठवडे तुझ्यासमोर वाडगा धरून उभी होते, चेहरा कसा झाला असेल माझा, आणि तू सगळं माहीत असून पेज पीत राहिलास. बायकोला बोलणी बसू नयेत म्हणून. आणि हॉस्पिटलात मला बोलणी बसू नयेत म्हणून मॅडमच्या शिव्या स्वतःवर घेतल्यास. हे कसलं शहाणपण, दादा? आम्ही दोघी भांडलो असतो. दोन दिवस भांडी आपटली असती, तिसऱ्या दिवशी अंडं उकडलं असतं. तू आम्हाला इतकं कच्चं समजत होतास? की तूही घाबरला होतास? आम्ही दोघी तोंडं फिरवून बसलो तर खाटेवर एकटा पडशील, ही भीती होती तुला? तसं असेल तर मला तुझ्यावर रागावता येत नाही. आणि मला रागवायचंय.

तुझं मनगट आता असतं तर मी धरलं असतं, वळ उठेपर्यंत. आणि सांगितलं असतं की लहानपणी तू मला शिकवलेली सायकल, बाबांच्या माघारी तू माझ्या लग्नात घातलेला मांडव, दर भाऊबीजेला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली साडी, या सगळ्यापेक्षा ‘मलाच जात नाय’ हे तुझे शब्द मला जड झालेत. ते घेऊन मी कुठे जाऊ?

वहिनी रडत नव्हती. परात धरून बसली होती आणि मी काय बोलते याची वाट बघत होती. काकी, जिने आयुष्यात कधी माघार घेतली नाही, ती दाराला धरून म्हणाली की अंड्याचं तर मीच बोलले होते. मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. मी ‘झालं ते झालं’ म्हणून उठणार होते. तेवढं म्हणून पदर खोचून कामाला लागायचं, हे आपल्याला छान जमतं. मी अर्धी उठलेही. आणि मला पाय गार पडल्यासारखे वाटले, सकाळी पडतात तसे. कारण मला कळलं, की या घरात आता एकच माणूस काहीतरी पोटात ठेवून बसलेलं आहे.

मी परत बसले. फॉर्मवरचा प्रश्न मी हजार जणांना विचारला असेन, पण त्याचं उत्तर कसं द्यायचं ते मला माहीत नव्हतं.

“वहिनी, मला रक्त जातंय,” मी म्हटलं.

ती पटकन म्हणाली, मूळव्याध असंल. आपल्या सगळ्यांचं तेच, आधी तोच शब्द येतो. पण म्हणून झाल्यावर तिनेच स्वतःचं ऐकलं आणि तिचा हात परातीवरून सुटला. तिने विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, दादा पेजेवर होता तेव्हापासून. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला नको होतं, तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी होतं तेच. काकीने तोंड उघडलं की उष्ण काही खाल्लं असशील, आणि वहिनी म्हणाली, काकी, तुम्ही गप बसा. तीस वर्षांत पहिल्यांदा. तू असतास तर हसून लोळला असतास.

मग तिने सचिनला माझ्या घरी फोन लावायला सांगितला आणि माझ्या हातात न देता स्वतःच बोलली. माझ्या नवऱ्याला, स्पीकरवर, घरभर ऐकू जाईल असं सांगितलं की मंदाला चार महिने रक्त जातंय आणि सोमवारी तिला मुंबईला न्यायचंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो म्हणाला, मी पण येतो. त्याने एवढंच म्हटलं. सचिनने तिथेच विचारलं, माझीपण ती दुर्बिणीची तपासणी करायला लागेल का गो आत्या? मी म्हटलं, तुझं कधी करायचं ते डॉक्टर सांगतील, पण विचारायचं. त्याचा चेहरा पडला. त्या पोरालाही मी घाबरवलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या ताटात बिरडं ठेवलं नाही. वहिनीला ते जमलं नसतं, आणि मीही आग्रह धरला नाही.

आता सोमवारला तीन दिवस आहेत. मी धीट झालेय असं समजू नकोस. आज सकाळी मी खाली बघितलं, आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. डॉक्टर विचारतील कधीपासून, तेव्हा आठ दिवस म्हणून टाकावं, असं अजून मनात येतं. कमी दिवस सांगितले म्हणजे आजारही कमी निघेल, असलं काहीतरी. पण वहिनी शेजारी असणार आहे, तिला आकडा माहीत आहे, आणि ‘तिलाच कळलं नाय’ असं ती माझ्यासाठी म्हणणार नाही. मी तिला तसं बजावून ठेवलंय.

काय निघेल मला माहीत नाही. साधं काही असेल, किंवा तुझंच असेल. जेवताना घास फिरतो तोंडात. मला फार भीती वाटते, दादा. तुझ्याएवढीच वाटत असेल. फक्त माझ्या भीतीची खबर आता घरात सगळ्यांना आहे.